तांबडीच्या घशातील पिवळा थर : परसातील कोंबडीच्या कॅन्करचे एक प्रकरण

तांबडी ही आमच्या परसातील सहा कोंबड्यांपैकी एक, तीन वर्षांची, अंगाने भरलेली आणि खाद्यावर सर्वांत आधी धावणारी. तिला कॅन्कर, म्हणजेच ट्रायकोमोनियासिस हा एका एकपेशीय परजीवीमुळे तोंडात आणि घशात होणारा आजार, झाला आणि ती त्यातून बरी झाली. योग्य औषध सुरू झाल्यानंतरचे दिवस कष्टाचे असले तरी सरळ गेले. त्याआधीचे आठ दिवस मात्र माझ्या चुकीच्या तर्कात वाया गेले, आणि त्या काळात तिचे वजन ज्या गतीने उतरले ते पाहता आणखी तीन-चार दिवस तिने काढले असते असे मला वाटत नाही. म्हणून या नोंदीत उपचारांइतकीच जागा निदानाला दिली आहे.

लक्षणे

प्रत्येक कोंबडीचे वजन महिन्यातून एकदा करून वहीत लिहिण्याची माझी पद्धत आहे. तांबडीची शेवटची नोंद २१५० ग्रॅमची होती. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी तिने अंडी घालणे थांबवले. दिवस लहान होत चालले होते, खुराड्यात तिची काही पिसेही पडलेली दिसत होती, त्यामुळे पिसे गाळण्याच्या काळातील ही नेहमीची विश्रांती असावी असे मी मानले. ती इतरांबरोबर खाद्याच्या भांड्यापाशी येत होती, दाणे टिपत होती, आणि तेवढ्यावरून ती खात आहे असे मी गृहीत धरले. जवळ बसून दहा मिनिटे पाहिल्यावर लक्षात आले की ती दाणा उचलते, मान पुढे ताणते, दोन-तीनदा गिळण्याचा प्रयत्न करते आणि दाणा पुन्हा खाली टाकते. खाद्यापाशी उभी असलेली कोंबडी आणि खाणारी कोंबडी यांतला फरक लांबून दिसत नाही.

त्याच संध्याकाळी ती दांडीवर बसल्यानंतर तिची अन्नपिशवी चाचपली. गळ्याखालची ही पिशवी निरोगी कोंबडीत रात्री दाण्यांनी भरून टणक लागते आणि सकाळपर्यंत रिकामी होते. तांबडीची पिशवी रात्रीच मऊ, पाण्याने अर्धवट भरलेली आणि जवळजवळ दाण्यांविना होती. छातीच्या मधल्या हाडाची कड बोटांना धारदार लागत होती, म्हणजे दोन्ही बाजूंचे मांस झडले होते. ती अधूनमधून डोके झटकत होती, छातीवरची पिसे लाळेने भिजून एकमेकांना चिकटली होती, आणि चोचीजवळ नाक नेले असता कुजकट वास येत होता. वजन १८४० ग्रॅम भरले.

तिला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतले आणि चोच उघडून विजेरीच्या उजेडात घसा पाहिला. टाळूच्या मधल्या फटीच्या उजव्या कडेला लोण्यासारखा पिवळट, पृष्ठभागापासून वर आलेला, सुमारे आठ मिलिमीटर लांबीचा थर होता, आणि जिभेच्या मुळाशी, श्वासनलिकेच्या तोंडाजवळ, दुसरा थोडा लहान थर होता. भोवतालची त्वचा लालसर दिसत होती. या दिवसाला पुढे पहिला दिवस म्हटले आहे.

चुकलेले आठ दिवस

काही महिन्यांपूर्वी आमच्या दुसऱ्या एका कोंबडीच्या अन्नपिशवीत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग झाला होता आणि पशुवैद्यांनी दिलेल्या निस्टॅटिनने ती बरी झाली होती. त्या औषधाची अर्धी बाटली घरात शिल्लक होती. तांबडीचा थर पाहताच मला तोच आजार आठवला, आणि कोणालाही न विचारता मी तेच औषध सुरू केले. निस्टॅटिन बुरशीच्या पेशीच्या आवरणावर काम करते. कॅन्कर घडवणाऱ्या परजीवीवर त्याचा उपयोग होत नाही. पाचव्या दिवशी टाळूवरचा थर फटीच्या दुसऱ्या कडेपर्यंत पसरला होता आणि तांबडी दाणे उचलण्याचा प्रयत्नही करेनाशी झाली होती.

सहाव्या दिवशी पशुवैद्यांशी बोलणे झाले. त्यांना कॅन्करची शंका आली आणि त्यांनी लाळेची तपासणी सुचवली. त्या संध्याकाळी मी निर्जंतुक बोळ्याने घसा पुसून नमुना घेतला, तो जपून राहावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवला आणि सातव्या दिवशी दुपारी नेऊन दिला. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच हलताना दिसले नाही. मी हे उत्तर नकारार्थी समजून बसलो, परंतु नमुना कसा ठेवला होता हे ऐकताच पशुवैद्य म्हणाल्या, “हा निकाल धरता येणार नाही. नमुना आणू नका, कोंबडीच घेऊन या.”

हा परजीवी जिवंत असताना त्याच्या हालचालीवरूनच ओळखला जातो. थंडी लागली की हालचाल थांबते आणि थेंब सुकला की तो मरतो, मग लाळेतील इतर पेशींच्या गर्दीत तो वेगळा काढणे फार अवघड होते. मी नमुना जपण्यासाठी जे केले त्यानेच पुरावा पुसला गेला. आठव्या दिवशी सकाळी तांबडीला घेऊन गेलो तेव्हा तिचे वजन १६४० ग्रॅम होते. शेवटच्या निरोगी नोंदीपासून तिने जवळपास चौथा हिस्सा गमावला होता.

सारखे दिसणारे आजार

कोंबडीच्या तोंडात पिवळा किंवा पांढरा थर दिसला की कॅन्कर, असे समीकरण अनेकांच्या मनात असते, आणि माझ्या मनात त्याच्या उलट समीकरण होते. दोन्ही सारखीच घातक. अशा थराची निदान चार कारणे संभवतात आणि त्यांतील एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

सर्वांत जास्त फसवणारा आजार म्हणजे देवी. देवीच्या विषाणूमुळे तुऱ्यावर आणि चेहऱ्यावर खपल्या येतात हे बहुतेकांना ठाऊक असते, पण त्याच आजाराचा एक प्रकार तोंडाच्या आणि श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर होतो आणि तिथे पिवळट थर धरतात. देवीचा थर खालच्या त्वचेला घट्ट चिकटलेला असतो आणि ओढला तर रक्त येते. देवीच्या विषाणूवर थेट काम करणारे औषध वापरात नाही; लस आधी द्यावी लागते आणि आजार झाल्यावर केवळ आधार देता येतो. अशा कोंबडीला कॅन्करवरचे मेट्रोनिडाझोल हे औषध देत राहणे म्हणजे तिला विनाकारण औषध पाजणे होय. तांबडीच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती किंवा पायांवर एकही खपली नव्हती, कळपातही कोणाला नव्हती, तरी एवढ्यावरून देवी नाकारता येत नाही.

कॅन्डिडाचा थर बहुधा अन्नपिशवीत अधिक आणि तोंडात कमी असतो, रंगाने पांढरा असतो आणि पिशवीचे अस्तर टॉवेलच्या पोताप्रमाणे जाड व सुरकुतलेले होते. बऱ्याचदा त्याआधी प्रतिजैविकांचा दीर्घ वापर किंवा आंबलेले खाद्य असते. अ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत घशात आणि अन्ननलिकेत टाचणीच्या डोक्याएवढे अनेक पांढरे ठिपके दिसतात, कारण श्लेष्म स्रवणाऱ्या ग्रंथींची तोंडे बंद होतात. केवळ भरड धान्यावर वाढवलेल्या कोंबड्यांत ही शक्यता मनात ठेवावी लागते. बुरशी लागलेल्या धान्यातील काही विषांमुळेही चोचीच्या कडांना आणि तोंडात पिवळ्या खपल्या धरतात. आमच्या कोंबड्या संतुलित खाद्य आणि हिरवा पाला खात होत्या आणि धान्य कोरडे होते, त्यामुळे शेवटच्या दोन शक्यता मागे पडल्या.

लाळेचा कोमट थेंब

पशुवैद्यांनी बोळा कोमट सलाइनमध्ये बुडवून थराच्या कडेवर आणि घशाच्या मागच्या भागावर फिरवला, काचपट्टीवर थेंब टेकवला, वर पातळ काच ठेवली आणि एक मिनिटही न दवडता सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पट्टीसुद्धा त्यांनी आधी तळहातात धरून कोमट केली होती. मला पाहू दिले तेव्हा नासपतीच्या आकाराचे, साधारण दहा मायक्रॉन लांबीचे जीव गिरक्या घेत, झटके देत पुढे सरकताना दिसले. काहींच्या एका कडेने लाट धावल्यासारखी थरथर होती. ट्रायकोमोनास गॅलिनी या एकपेशीय परजीवीच्या पुढच्या टोकाला चार चाबकासारखे तंतू असतात आणि अंगाच्या कडेला हलणारा पडदा असतो. ती थरथर त्या पडद्याची. आठ दिवस जे कळले नव्हते ते पाच मिनिटांत कळले.

या जीवाचे वर्णन इटालियन पशुवैद्य रिव्होल्टा यांनी १८७८ मध्ये कबुतरांवरून केले, आणि आजही कबुतरे, पारवे आणि होले हेच त्याचे मुख्य यजमान, म्हणजे ज्यांच्या शरीरात तो राहतो ते पक्षी, आहेत. कबुतराच्या अन्नपिशवीत तयार होणारे दूध पिल्लाच्या तोंडात थेट जाते, त्याबरोबर परजीवीही जातो, म्हणून बहुतेक कबुतरांना तो लहानपणीच भेटतो आणि त्यांतील पुष्कळ पक्षी आयुष्यभर लक्षणांविना तो बाळगतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच या लहान पक्ष्यांत त्याची साथ पसरली आणि त्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली, यावरून नवा यजमान मिळाला की तो किती उग्र होऊ शकतो हे दिसते. कोंबडी त्याच्या नेहमीच्या यजमानांपैकी नाही. कदाचित म्हणूनच कोंबड्या पाळणाऱ्यांच्या मनात तो लवकर येत नाही.

उपचार

औषधाविषयी बोलण्याआधी पशुवैद्यांनी अंड्यांविषयी विचारले, आणि हा क्रम मला योग्य वाटतो. कॅन्करवर काम करणारी मेट्रोनिडाझोल, रोनिडाझोल, डायमेट्रिडाझोल आणि कार्निडाझोल ही औषधे नायट्रोइमिडाझोल या एकाच गटातील आहेत. प्रयोगातील प्राण्यांत या गटातील औषधांनी कर्करोग घडल्याच्या पुराव्यांमुळे अमेरिकेत आणि युरोपीय संघात अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना मेट्रोनिडाझोल देण्यास मनाई आहे, आणि मालकाने कितीही लाडाने वाढवली असली तरी कोंबडी हा तिथे अन्नासाठी पाळलेला प्राणीच मानला जातो. जिथे असा नियम आहे तिथे हे औषध परस्पर मिळवून कोंबडीला देणे चुकीचे आहे. आमच्या बाबतीत लागू असलेला नियम पशुवैद्यांनी आधी तपासला, आणि तांबडीचे मांस किंवा अंडी यापुढे कधीही कोणी खाणार नाही, विकणार नाही किंवा भेट देणार नाही असे माझ्याकडून लिहून घेतल्यावरच औषध लिहून दिले. “काही दिवस अंडी टाकून द्या आणि मग खा” असा सल्ला सर्रास ऐकू येतो. अंड्यातील बलक पूर्ण वाढायला सुमारे दहा दिवस लागतात, त्यामुळे औषध बंद झाल्यानंतरही त्याचा अंश नव्या अंड्यांत उतरू शकतो, आणि या गटासाठी सुरक्षित म्हणता येईल असा थांबण्याचा कालावधी ठरलेला नाही.

मेट्रोनिडाझोलची मात्रा वजनाच्या दर किलोमागे २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस अशी ठरली. १६४० ग्रॅम वजनाला ती ४१ मिलिग्रॅम होते. पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असल्यामुळे प्रत्येक वेळी सुमारे १ मिलिलिटर द्यायचे होते. ही मात्रा या कोंबडीसाठी तपासून ठरवलेली होती. मात्रा जास्त झाल्यास तोल जाणे, मान वाकडी होणे अशी मज्जासंस्थेची लक्षणे दिसू शकतात, आणि कमी मात्रा किंवा अर्धवट सोडलेला क्रम परजीवीला औषधाची सवय लावतो. कबुतरांमध्ये अशी सवय झालेले वाण आढळलेले आहेत. औषध पिण्याच्या पाण्यात मिसळण्याची सोपी वाट आम्ही टाळली, कारण गिळताना दुखणारी कोंबडी पाणी कमी पिते, कडू पाणी त्याहून कमी पिते आणि तिच्या पोटात नेमके किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

औषधापेक्षा अधिक वेळ आणि काळजी लागली ती पोट भरण्यात. चौथा हिस्सा वजन गमावलेल्या पक्ष्याला परजीवी मरेपर्यंत जगवणे हे स्वतंत्र काम असते. उपचारांच्या पहिल्या दिवशी (येथून पुढचे दिवस औषध सुरू झाल्यापासून मोजले आहेत) शरीराच्या तापमानाइतके कोमट केलेले क्षारयुक्त पाणी २५ मिलिलिटर, दर चार तासांनी, मऊ नळीने अन्नपिशवीत सोडले. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांच्या खाद्याचा चाळून घेतलेला पातळ लगदा सुरू केला आणि तो हळूहळू ५० मिलिलिटरपर्यंत वाढवून दिवसातून चार वेळा दिला. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते आणि अन्ननलिका त्याच्या मागून उजवीकडे उतरते, म्हणून नळी चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून आत घेऊन घशाच्या उजव्या बाजूने खाली न्यायची असते. हे पशुवैद्यांनी माझ्या हातून त्यांच्यासमोर तीनदा करवून घेतले. पिशवी आधीच्या आहाराने भरलेली असेल तर पुढचा आहार द्यायचा नाही, हा नियम मी एकदाही मोडला नाही. घसा आधीच अरुंद झालेला असताना अन्न वर आले तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो.

तांबडीला घरात, उबेला, एकटीला ठेवले होते. खोक्यात रोज बदलता येईल असा कागद अंथरला होता, त्यामुळे विष्ठेचे प्रमाण आणि रंग दिसत असे. सुरुवातीची हिरवट, पातळ विष्ठा ही उपासमारीची खूण होती आणि पाचव्या दिवसापासून ती घट्ट होऊ लागली.

थर ओढून काढण्याचा मोह फार होतो, कारण तोच शत्रू असल्यासारखा दिसतो. पशुवैद्यांनी पहिल्याच दिवशी त्याला हात लावू नका असे स्पष्ट सांगितले होते. जिवंत त्वचेला चिकटलेला थर उपटला तर रक्त येते, उघडी जखम राहते, आणि सुटलेला तुकडा श्वासनलिकेच्या तोंडात अडकू शकतो. औषधाच्या चौथ्या दिवशी टाळूवरचा थर कडांनी सुटलेला दिसला, तेव्हा त्यांनी ओलसर बोळ्याने तो अलगद उचलला. खालची त्वचा लाल पण अखंड होती. जिभेमागचा थर सहाव्या दिवशी आपोआप नाहीसा झाला होता, बहुधा तो तिने गिळला असावा. त्याच संध्याकाळी तिने भिजवलेले खाद्य स्वतःहून टिपले आणि ते खाली टाकले नाही. तो क्षण मी वहीत वेळेसह लिहून ठेवला आहे. क्रम संपला त्या दिवशी वजन १७३५ ग्रॅम होते.

पाण्याचे भांडे

संसर्ग कुठून आला हे खात्रीने सांगता येत नाही, परंतु आमच्या अंगणातील पाण्याचे उथळ, उघडे ताट पाहिले की दुसरीकडे शोधण्याची गरज वाटत नाही. दुपारी कोंबड्या सावलीत गेल्या की पारवे त्या ताटावर उतरत. कोंबडी चोचभर पाणी घेऊन मान वर करते आणि पाणी घशात उतरू देते. कबुतर मात्र चोच पाण्यात बुडवून सलग शोषते आणि तेवढा वेळ त्याच्या तोंडाचा पाण्याशी संबंध राहतो. ताटाच्या तळाशी दाण्यांचा चुरा आणि माती साचलेली असे, आणि असा गाळ असलेल्या पाण्यात परजीवी स्वच्छ पाण्यापेक्षा अधिक काळ टिकतो.

या परजीवीला कठीण कवचाची अवस्था नसते. ऊन, कोरडेपणा आणि साधे निर्जंतुकीकरण यांपुढे तो टिकत नाही. ज्या नाजूकपणामुळे फ्रिजमधील नमुन्याने मला फसवले, त्याचाच फायदा येथे घेता आला. उघडे ताट काढून उंचावर टांगलेली, निपलमधून थेंब सोडणारी बाटली लावली. खाद्याची भांडी दोन संच केली: एक संच वापरात असताना दुसरा धुऊन, पातळ ब्लीचमध्ये बुडवून, पुन्हा स्वच्छ पाण्याने खळबळून दिवसभर उन्हात वाळतो. संध्याकाळी उरलेले दाणे उचलून ठेवतो, आणि खाद्य आता बारीक जाळीच्या आवारातच असते.

उरलेल्या पाचही कोंबड्यांचे घसे पाहिले. कोणाच्याही तोंडात थर नव्हता. पशुवैद्यांनी येऊन जागच्या जागी लाळ तपासली, तेव्हा एका कोंबडीच्या थेंबात मोजकेच परजीवी हलताना दिसले. सगळ्या कळपाला खबरदारी म्हणून औषध द्यावे असे मला क्षणभर वाटले, पण ते योग्य नव्हते: चार निरोगी कोंबड्यांना कारण नसताना बंदीयोग्य औषध पाजणे आणि त्यांची अंडी कायमची सोडून देणे याला आधार नव्हता. त्या एका कोंबडीला मात्र उपचार दिले, कारण नुकतीच बरी होणारी तांबडी तिच्याच शेजारी दांडीवर बसणार होती. या निर्णयाविषयी पशुवैद्यांची पूर्ण खात्री नव्हती. सौम्य वाण बाळगणाऱ्या पक्ष्याला उग्र वाणापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते असे दिसून आले आहे, त्यामुळे तिला तशीच सोडून लक्ष ठेवणे हाही मार्ग होता. मी उपचारांच्या बाजूने झुकलो आणि आजही तसेच केले असते.

पुढील तपासण्या

औषध संपल्यानंतर दहाव्या दिवशी आणि पुन्हा सहाव्या आठवड्यात दोघींच्या लाळेची तपासणी त्याच पद्धतीने, कोंबडीला समोर धरून, कोमट पट्टीवर झाली. दोन्ही वेळा परजीवी दिसले नाहीत. तरीही लपलेला संसर्ग अशा तपासणीतून निसटू शकतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी सहाही कोंबड्यांची चोच उघडून घसा पाहतो आणि रात्री अन्नपिशवी चाचपतो. तांबडी तिसऱ्या आठवड्यात कळपात परतली. पहिले चार दिवस इतरांनी तिला भांड्यावरून हुसकावले, तेव्हा तिला सकाळी वेगळे खाद्य द्यावे लागले. टाळूच्या फटीशी आता फिकट रंगाचा लहानसा व्रण आहे आणि शेवटचे वजन २०९० ग्रॅम होते.

सातव्या आठवड्यात तिने पुन्हा अंडी घालायला सुरुवात केली. तिच्या अंड्याचा रंग इतरांपेक्षा गडद असल्यामुळे ते ओळखता येते; उपचार घेतलेल्या दुसऱ्या कोंबडीचे अंडे इतरांसारखेच असल्याने तिला सकाळी अंडे घालीपर्यंत वेगळ्या पेटीत ठेवतो. दोघींची अंडी फोडून झाडांपासून लांब खड्ड्यात पुरतो आणि कोंबड्यांनाही ती खायला घालत नाही.